आधी कातडं, मग चमक: सोलापूरच्या उन्हाधुळीत लेदरचे बूट कसे टिकवायचे

सोलापुरात लेदरचे बूट पावसानं कमी आणि उन्हानं जास्त खराब होतात. कोकणात बुटांना बुरशी खाते. आपल्याकडे मार्च लागला की हवा कोरडीठाक पडते, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि काळ्या मातीची बारीक धूळ बुटाच्या घडीघडीत जाऊन बसते. इंटरनेटवर बूट सांभाळायचे जे सल्ले मिळतात, ते बहुतेक थंड आणि ओल्या देशांतले. बर्फावर टाकलेल्या मिठाचे डाग कसे काढायचे हे त्यांत असतं, दिवसभर उन्हात तापलेल्या बुटाचं काय करायचं हे नसतं. म्हणून इथल्या हवेचा विचार करून हे सगळं मुळापासून सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पॉलिश आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबीतलं पॉलिश बुटाला चमक देतं, आयुष्य देतंच असं नाही. वर्षभर दर रविवारी इमानेइतबारे पॉलिश मारूनही बोटांच्या मागे भेगा पडलेले बूट आपण सगळ्यांनी पाहिलेत. असं का होतं ते कळलं की बाकीची निम्मी माहिती आपोआप कळते.

बुटाचं लेदर म्हणजे जनावराचं कमावलेलं कातडं. कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असंख्य बारीक धागे एकमेकांत गुंतलेले असतात. कच्चं कातडं ओलं राहिलं की कुजतं, वाळलं की कडक होऊन मोडतं. हे दोन्ही होऊ नये म्हणून ते कमावतात. जुनी पद्धत झाडपाल्याची. हिरडा, बाभळीची साल अशा तुरट गोष्टींच्या पाण्यात कातडं मुरवत ठेवायचं, आणि त्यातलं टॅनिन धाग्यांना धरून बसतं. कोल्हापुरी चप्पल याच कातड्याची. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे धरले गेले, आणि आपला सोलापूर जिल्हा त्यांपैकी एक आहे. हे फार लोकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिला फार दिवस लागत नाहीत आणि कातडं मऊ, लवचीक निघतं. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बुटांचा वरचा भाग क्रोम लेदरचाच असतो.

कमावून झाल्यावर कारखान्यात कातड्याला तेल पाजतात. हे तेल धाग्यांच्या मध्ये शिरतं आणि पाऊल वाकलं की धागे एकमेकांवरून सहज सरकतात. शिवाय चांगल्या लेदरमध्ये साधारण १२ ते १५ टक्के पाणी मुरलेलं असतं. हात लावून ते ओलं लागत नाही, पण असतं. मे महिन्याच्या दुपारी हवा हे पाणी ओढून घेते, वर्षभरात तेलही कमी होतं, आणि मग पाऊल वाकतं तिथे कोरडे धागे एकमेकांवर घासून तुटायला लागतात. थंडीत टाचा फुटतात तसाच हा प्रकार, फरक एवढाच की टाच पुन्हा भरून येते. बुटाचं कातडं मेलेलं असतं. भेग पडली की पडली, पॉलिश ती झाकेल पण भरणार नाही.

आता डबीतलं पॉलिश घ्या. ते मुख्यतः मेण असतं, टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळवलेलं, आणि त्यात रंग. काळ्या पॉलिशला काजळीचा किंवा निग्रोसिन नावाच्या रंगाचा काळेपणा असतो. द्रावक उडून जातं, मेण वर राहतं. हे मेण धूळ आणि पाण्याचे थेंब अडवतं, ते चांगलंच आहे. पण कातड्याच्या आत जाऊन धाग्यांना वंगण देणं हे त्याचं काम नाही. तहानलेल्या कातड्यावर नुसती मेणाची पुटं चढवत गेलं, की वरून आरसा आणि आतून सुकी पापडी होते. आपल्याकडे बहुतेक बूट असेच जातात.

आधी बूट कशाचा आहे ते पाहा

हे न बघता पॉलिश मारणं म्हणजे पैसे आणि बूट दोन्ही वाया. बुटाच्या आत किंवा तळव्यावर कधीकधी छोटी चित्रं छापलेली असतात. ती १९९४ च्या युरोपीय नियमातून आलेली आहेत. पसरलेल्या कातड्याचा आकार असेल तर लेदर, त्याच आकारात चौकट असेल तर वरून जाड लेप दिलेलं लेदर, नुसती चौकट असेल तर रेक्झिन-प्लॅस्टिकसारखं दुसरं काही, आणि जाळी असेल तर कापड. वरचा भाग, अस्तर आणि तळवा यांची चित्रं वेगवेगळी असतात. तळव्याचं चित्र बघून अख्खा बूट लेदरचा समजू नका.

चित्र नसेल तर कापलेली कड शोधा. लेस ओवायच्या भोकांजवळ किंवा जिभेच्या टोकाला ती उघडी असते. तिथे तंतू दिसले, नखानं थोडे विसकटले, तर कातडं. कडेला कापडाचा थर आणि वर गुळगुळीत पातळ पापुद्रा दिसला तर रेक्झिन. मग न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मुरून तिथे गडद झालं तर कातड्याची भोकं उघडी आहेत, त्याला तेल आणि क्रीम लागेल. थेंब तसाच गोल बसला तर वर रंगाचा लेप आहे, तिथे तेल आत फारसं जाणार नाही. काडी पेटवून जाळून बघायचा प्रकार करू नका. त्यानं बूट जातो आणि कळतं काहीच नाही.

मुलांचे शाळेचे काळे बूट बहुतेक वेळा कातड्याचे नसतात. त्यांना मेणाचं पॉलिश लागतच नाही. ओल्या फडक्यानं पुसून कोरडं केलं की काम झालं. त्यावर पॉलिशचे थर चढवले की त्याला धूळ चिकटते आणि मोजे काळे होतात. जून महिन्यात घरोघरी वह्या-दप्तरांबरोबर पॉलिशच्या डब्या येतात, त्यांतल्या पुष्कळशा आणायची गरजच नसते.

धूळ, घाम आणि विश्रांती

घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर पॉलिश घेऊ नका, घोड्याच्या केसांचा ब्रश घ्या. डांबरी रस्ता सोडून दहा पावलं गेलं की सोलापुरात बुटावर माती बसते. ही माती खरखरीत असते. चालताना बूट जिथे मुडपतो तिथे ती आत अडकते आणि प्रत्येक पावलाला कातडं घासत राहते. तळवा आणि वरचा भाग जिथे शिवलेला असतो त्या खाचेत ती जाते आणि दोऱ्याला कापते. संध्याकाळी घरी आल्यावर उंबऱ्याबाहेरच बूट काढून अर्धा मिनिट ब्रश फिरवा. जीभ उचलून तिच्या खाली, आणि जुन्या टूथब्रशनं शिलाईच्या खाचेत. एवढं रोज केलं तर पॉलिश महिन्यातून एकदा पुरतं. नायलॉनचा कडक ब्रश तळव्याच्या चिखलाला ठीक आहे, वरच्या भागाला लावू नका, त्यानं बारीक ओरखडे पडतात.

पँटच्या खिशातला रुमाल फिरवून धूळ पुसायची सवय अनेकांना असते. कोरड्या कापडानं धूळ उडत नाही, कातड्यावर रगडली जाते. ब्रश आधी, कापड नंतर. सोलापूरचा टॉवेल जगात जातो, पण त्याच्या फाशांत मातीचे कण अडकून बसतात, म्हणून चमक आणायला तो चालत नाही. जुनं सुती धोतर, बनियन किंवा फ्लॅनेल घ्या. पुसायला पाणी लागलं तर कापड घट्ट पिळून वापरा. बोअरचं जड पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, त्याऐवजी पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या.

घामाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दिवसभर बंद बुटात पाय असला की घाम अस्तरात आणि आतल्या तळव्यात मुरतो. घामात मीठ असतं. तोच बूट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घातला की आत ओल तशीच आणि मीठ वाढत जातं. कातडं आतून कडक होतं, अस्तर टाचेपाशी फाटतं, वास येतो तो वेगळाच. बुटाला एक पूर्ण दिवस मोकळा मिळायला हवा. दोन साधे जोड आलटून पालटून घातले तर ते एका महाग जोडापेक्षा जास्त टिकतात, आणि हिशेबानं पाहिलं तर स्वस्त पडतात. बूट काढल्यावर आतून कोऱ्या कागदाचे बोळे घालून ठेवा. कागद ओल शोषतो आणि पुढचा भाग खाली बसू देत नाही. लाकडी साचे मिळाले तर उत्तमच. छापील वर्तमानपत्र काळ्या अस्तराला चालतं, फिकट अस्तराला शाई लागते.

मोठा पाऊस आपल्याकडे सप्टेंबरात येतो. पण आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपुरात उभं राहणाऱ्या पोलिसांना विचारा, एका दिवसात बुटांचं काय होतं ते सांगतील. बूट पूर्ण भिजला तर सगळ्यात मोठी चूक घडते ती वाळवताना. लोक गच्चीवर ठेवतात, गॅसजवळ ठेवतात, हेअर ड्रायर मारतात. ओल्या कातड्याला उष्णता सोसत नाही. झाडपाल्यानं कमावलेलं ओलं कातडं ७५ ते ८५ अंशांच्या आसपास आकसून जातं आणि ते परत पसरत नाही. क्रोम लेदर जास्त सहन करतं, पण भरभर वाळलं की तेही कडक पडतं. त्याशिवाय आपल्या बहुतेक बुटांचे तळवे सोल्युशननं चिकटवलेले असतात. दुरुस्तीवाले तेच सोल्युशन गरम करून सैल करतात, मग उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या बुटाचा तळवा उघडला तर नवल नाही. बूट सावलीत, आडवे करून, तळव्याला वारा लागेल असे ठेवा. पंखा चालेल. आत कागद घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. दोन दिवस लागले तर लागू द्या. वाळल्यावर चिखलाची रेघ ओल्या फडक्यानं पुसा आणि मग तेल-क्रीम द्या, कारण पाणी बाहेर जाताना कातड्यातलं तेल आणि क्षार ओढून नेतं.

कातड्याला खाऊ घालणं

बुटाला लागतं ते लेदर कंडिशनर. त्यात गुरांच्या नडगीच्या आणि पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल, मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन, मधमाशीचं मेण अशा गोष्टी असतात. सोलापूरच्या हवेत वर्षातून चार वेळा तरी ते द्यावं असं माझं मत आहे, आणि त्यातली एक वेळ फेब्रुवारी अखेरची, ऊन चढायच्या आधी. चिमूटभर क्रीम कापडावर घ्या, हातानं पातळ पसरवा आणि अर्धा तास सोडून द्या. कातडं जिथे लगेच पिऊन टाकेल तिथे पुन्हा थोडं. वर राहिलेलं पुसून घ्या. जास्त तेल दिलं की कातडं ढिलं पडतं, बूट पसरतो आणि वर पॉलिश बसत नाही.

घरातलं तेल लावायचं का, हा प्रश्न येतोच. आपला जिल्हा करडईचा, पण करडईचं तेल बुटाला लावू नका. ते वाळणारं तेल आहे. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट आणि चिकट होतं, म्हणूनच ते रंग-व्हार्निशमध्ये वापरतात. बुटावर त्याचा चिकट थर बसतो आणि त्यावर माती जमते. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, पण खवट होतं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं, डिसेंबरात बाटलीत पांढरं झालेलं आपण बघतोच. बुटावरही थंडीत तशी पांढरट झाक येऊ शकते. पेट्रोलियम जेलीनं दोन दिवस बूट छान दिसतो, पण ती वरच राहते आणि धूळ पकडते. फक्त कोल्हापुरीला दोन-चार थेंब एरंडेल कापडानं चोळलं तर चालतं, तेही पातळ.

आता पॉलिश

पॉलिश तीन प्रकारचं मिळतं. क्रीम पॉलिशमध्ये मेण, तेल आणि पाणी एकत्र घोटलेलं असतं आणि रंग जास्त. ते थोडं आत जातं, गेलेला रंग भरतं, चमक मध्यम देतं. डबीतलं घट्ट पॉलिश म्हणजे मेण. आणि स्पंज लावलेल्या बाटलीतलं लिक्विड, जे बुटावर प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा धरतं. एका मिनिटात चकचकीत होतं, म्हणून खपतं. तो पापुद्रा बूट मुडपतो तिथे तडकतो, त्याखाली कातड्याला तेल पोचत नाही आणि तो नीट निघतही नाही. चांगल्या बुटाला लिक्विड लावू नये, यावर मी ठाम आहे.

घट्ट पॉलिशच्या चमकेचं खरं श्रेय कार्नोबा मेणाचं. ते ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवर जमतं. साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांनाच वितळतं. आपल्यासारख्या गावाला हा फरक महत्त्वाचा आहे. उन्हात काळा बूट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, मऊ मेण असेल तर ते ढिलं होऊन माती धरतं, कडक मेण टिकतं. किवी ही डबी १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये विल्यम रॅमसे यांनी बाजारात आणली. त्यांची बायको न्यूझीलंडची, म्हणून तिथल्या पक्ष्याचं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांबरोबर ती जगभर गेली.

चमक येते कशी हे एकदा समजून घ्या, मग हात आपोआप नीट चालतो. कातड्याचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात बारीक खड्डे असतात. प्रकाश त्यांवर आदळून चहूकडे विखुरतो आणि बूट मंद दिसतो. मेण ते खड्डे भरतं, वरचा थर सपाट होतो, आणि प्रकाश एकाच दिशेनं परत येतो. म्हणजे लागतो तो सपाट थर, जाड थर नव्हे. जाड थोपलेलं मेण आतून ओलं राहतं, ब्रश फिरवला की ओढलं जातं आणि चट्टे पडतात.

तर लेस काढा. ब्रश, मग ओलसर फडकं, मग पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. क्रीम बोटावर गुंडाळलेल्या कापडानं गोल गोल, पातळ लावा. दहा मिनिटं थांबा. हे थांबणं कोणी करत नाही, आणि निम्मा फरक तिथेच पडतो, कारण द्रावक उडाल्याशिवाय मेण बसत नाही. मग घोड्याच्या केसांचा ब्रश हलक्या हातानं, पण भरभर, लांब फटक्यांनी चालवा. घासण्यानं मेण किंचित गरम होतं आणि सारखं पसरतं. जोर लावायचा नाही, वेग लावायचा. रोज ऑफिसला घालायच्या बुटांना इथपर्यंत पुरे.

आणखी हवं असेल तर डबीतलं घट्ट पॉलिश फक्त पुढच्या टोकाला आणि टाचेला लावा. तिथे आत कडक आधार असतो, कातडं वाकत नाही. बोटांच्या मागे, जिथे रोज मोड पडते तिथे मेणाचे थर चढवले की ते तडकून पांढरी भुकटी सुटते आणि बूट जुना दिसायला लागतो. टोकावर एक पातळ थर, दोन मिनिटं, दुसरा पातळ थर. असे चार-पाच झाले की बोटावर घट्ट ताणलेल्या सुती कापडाला पाण्याचा एक थेंब लावा आणि अगदी थोडं मेण घेऊन छोट्या वर्तुळांत फिरवा. पाण्यामुळे कापड मेणाला चिकटत नाही, त्यामुळे खालचा थर उकरला जात नाही, फक्त सपाट होत जातो. सुरुवातीला धुरकट दिसेल. घाबरून जास्त मेण घेऊ नका, पाणी थेंबभर वाढवा आणि फिरवत राहा. थोड्या वेळानं खिडकीची चौकट बुटाच्या टोकात दिसायला लागते. सोरेगावला राज्य राखीव दलात असलेल्या कोणाचे परेडचे बूट जवळून पाहायला मिळाले तर पाहा, ही चमक वेळ देऊनच आलेली असते.

रंगाचं एवढंच लक्षात ठेवा की तपकिरी बुटाला शंका असेल तर एक छटा फिकट घ्यावी, गडद रंग परत काढता येत नाही. बिनरंगी पॉलिश गडद बुटाच्या खाचांत पांढरं दिसतं. काळ्याचा ब्रश तपकिरीला कधीही लावू नका. डबी वाळून तडे गेले असतील तर द्रावक उडालंय, पॉलिश वाया गेलेलं नाही. झाकण लावून थोडा वेळ उन्हात ठेवा, पुन्हा मऊ होईल. काडीनं पेटवून वितळवू नका, टर्पेंटाइन भडकतं.

गिअरचा ओरखडा, लोखंडाचा डाग

सोलापुरात दुचाकीशिवाय पान हलत नाही, आणि प्रत्येक मोटारसायकलवाल्याचा डावा बूट उजव्यापेक्षा आधी खराब होतो. गिअर बोटांनी उचलावा लागत असेल तर बुटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या मागे, रुपयाएवढा घासलेला डाग पडतो. रंग जातो, मग लेप जातो, मग तंतू उघडे पडतात. रंग गेला आहे तोवर क्रीम पॉलिशचे दोन-तीन हात बसतात आणि डाग जवळजवळ दिसेनासा होतो. तंतू फुलले असतील तर आधी अगदी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून ते बसवा, मग कंडिशनर, मग क्रीम. त्याहून बरं म्हणजे गिअरच्या दांडीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणं. सायलेन्सरला चिकटून भाजलेला डाग मात्र जात नाही.

कोल्हापुरीवर कधी कधी निळसर-काळे डाग उमटतात आणि कशाचे ते कळत नाही. ते लोखंडाचे असतात. हिरड्याच्या आणि बाभळीच्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई अशीच करायचे. ओली चप्पल गंजलेल्या लोखंडी रॅकवर ठेवली, किंवा खिळ्याजवळ पाणी मुरलं, की झालं. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाचा हलका बोळा फिरवून लगेच ओल्या फडक्यानं पुसा, बराच फिका पडतो. मग सावलीत वाळवून थोडं एरंडेल. कोल्हापुरी पावसात घालू नये याचं कारणही तेच, ती उघड्या भोकांची आहे, पाणी पिते आणि फुगते.

स्वेडला, म्हणजे लव असलेल्या बुटाला, मेण अजिबात नको. रबरी खोडरबर आणि मऊ ब्रश, बस.

गटई कामगाराकडे जाताना

स्टेशनजवळ, मोठ्या चौकांत, बाजारपेठांत पत्र्याच्या छोट्या स्टॉलमध्ये बसणारे गटई कामगार हे या विषयातले खरे जाणकार. काम बघत उभं राहावं असं असतं. पायात बूट असतानाच पॉलिश करायचं असेल तर ते मोज्याच्या आणि बुटाच्या मध्ये पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या सरकवतात, म्हणजे मोज्याला रंग लागत नाही. एका हाताचा ब्रश थांबायच्या आत दुसऱ्या हाताचा सुरू होतो. टाचेपासून टाचेपर्यंत हात फिरून येतो, आणि टोकाला शेवटी कापड दोन्ही हातांत ताणून ओढतात, तेव्हा त्याचा फटकारा ऐकू येतो.

घाईत असलेलं गिऱ्हाईक पाहिलं की ते लिक्विड काढतात, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. आपण सांगायचं, "मामा, लिक्विड नको, क्रीम लावा. मी थांबतो." उत्तर बहुधा असं येतं, "मग बूट काढूनच द्या साहेब, नीट करून देतो." त्यांनी काढून द्या म्हटलं की समजायचं, काम चांगलं होणार. कामाचे पैसे ते सांगतील तेवढे द्यावेत. दुकानात हजारो रुपये मोजून आलेला माणूस इथे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, ते मला पटत नाही.

त्यांच्याकडे जायची खरी वेळ पॉलिशची नाही, टाचेची आहे. टाचेचं रबर बाहेरच्या बाजूनं झिजून खालचा थर दिसायला लागायच्या आत बदलून घ्या. तेवढ्यात काम स्वस्तात होतं. उशीर केला की टाचेचा ठोकळाच झिजतो, चाल वाकडी होते आणि वरचं कातडं एका बाजूला ओढलं जाऊन फाटतं. तळवा सुटला असेल तर घरी फेव्हिक्विक लावू नका. ते कडक होतं, वाकल्यावर तुटतं, आणि नंतर त्यावर सोल्युशन धरत नाही. मामांकडे गेलं तर ते आधी जुनं सोल्युशन खरवडतील, नवं दोन्ही बाजूंना लावून वाळू देतील, मग दाबून बसवतील आणि वर आरीनं चार टाके मारतील. नवीन बुटाला सुरुवातीलाच कडेनं एक शिलाई मारून घेणं हा तर फार शहाणपणाचा खर्च आहे.

लग्नाचे बूट

एकदा घातले आणि खोक्यात ठेवले, असे बूट बहुतेक घरांत असतात. चार-पाच वर्षांनी पुतण्याच्या लग्नाला बाहेर काढतात, वरून नवे दिसतात, आणि मांडवातच तळव्याचा भुगा होतो. हा दोष कातड्याचा नाही. मऊ, हलके तळवे बरेचदा पॉलीयुरेथेनचे असतात. हवेतली ओल त्या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडते, आणि उष्णतेनं ही क्रिया वाढते. वापरला नाही तरी तळवा आतून सडत राहतो. म्हणून समारंभासाठी बूट घेताना रबराचा किंवा चामड्याचा तळवा मागा, आणि पॉलीयुरेथेनचा असेल तर तो जपून न ठेवता नेहमी घाला.

ठेवायचेच असतील तर आधी ब्रश, मग कंडिशनर, आणि तेल मुरल्यावर पातळ क्रीम. आत कागदाचे बोळे भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती पिशवीत घाला आणि सिलिका जेलची पुडी ऑगस्ट ते ऑक्टोबर तेवढीच आत ठेवा. उन्हाळ्यात ती काढून टाका, कारण तेव्हा हवा आधीच कोरडी असते. खोकं गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात घरातली सगळ्यात तापलेली जागा तीच. पलंगाखालचा किंवा कपाटातला खालचा कप्पा बरा. आणि समारंभाच्या आदल्या रात्री नाही, तर आठवडाभर आधी बूट बाहेर काढून तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. त्यात बारीक भेगा दिसल्या तर अजून वेळ आहे, मामांकडे नेऊन दुसरा तळवा टाकून घेता येतो.